एक सिलिंडर मिसिंग असूनही चार सिलिंडरची पेट्रोल गाडी चालते कशी?

धरणगावची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. ११९७ सीसी, चार सिलिंडर. रोज धरणगावहून एरंडोलकडच्या शाळेत जाणं-येणं याच गाडीने होतं.

गेल्या आठवड्यापासून रेल्वे फाटकावर गाडी उभी राहिली की स्टेअरिंग आणि सीट थरथरतात. चेक इंजिनचा दिवाही लागलाय. जळगावला एका मेस्त्रींनी स्कॅनर लावला, कोड आला पी-०३०२. म्हणाले, "दोन नंबर मिसिंग आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळंच बदलून टाकू." खर्च ऐकून मी दोन दिवस मागून घेतले.

मी सातवीला विज्ञान शिकवते. चार स्ट्रोक पुस्तकातून माहीत आहेत. पण एक सिलिंडर पेटतच नसेल तर इंजिन बंद का पडत नाही? हायवेला साठ-सत्तरच्या वेगात तर मला फरकही फारसा जाणवत नाही. आणि चार सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये असताना बिघाड नेमका दोन नंबरला आहे हे कॉम्प्युटरला कळतं कसं?

अजून एक. मामा कन्नडला असतात. मे महिन्यात चाळीसगावहून घाट चढताना एसी चालू ठेवून चौथ्या गिअरला दाबलं की बॉनेटमधून बारीक टकटक ऐकू येते. तिसरा टाकला की जाते. हा त्याच बिघाडाचा भाग आहे का?

पैसे घालण्याआधी समजून घ्यायचं आहे. कोणी नीट सांगेल का?

भुसावळ_लोकोशेड

ताई, चारही प्लग एकदम बदला. निम्मी मिसिंग प्लगनेच जाते. इंजेक्टरला आत्ताच हात लावू देऊ नका.

पारोळेकर

मना भाऊनी गाडीले बी हाऊच त्रास शे. उत्तर मिळालं की मलाही सांगा. घाटातल्या टकटकीचं तर नक्की.

तापीकाठचे_सर

ताई, तुम्ही अगदी मुळाला हात घातलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवत आलो. आमच्या वर्कशॉपमध्ये उभं कापलेलं एक चार सिलिंडरचं इंजिन स्टँडवर होतं. पोरांना आधी क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, हाताने फिरवायला लावायचो आणि विचारायचो, आत्ता कोणता पिस्टन काय करतोय? हे नीट सांगता येईपर्यंत पान्याला हात लावू देत नसे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या फिरवण्यातच आहेत.

क्रँकवर पहिला आणि चौथा पिस्टन बरोबर वर-खाली होतात, दुसरा आणि तिसरा बरोबर. पहिली जोडी वर असते तेव्हा दुसरी खाली. एका पिस्टनचे चार स्ट्रोक, म्हणजे हवा-पेट्रोल ओढणे, दाबणे, पेटून खाली ढकलले जाणे आणि धूर बाहेर टाकणे, हे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होतात. एका स्ट्रोकला अर्धी फेरी. अशा इंजिनांत फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, जवळपास नेहमी १-३-४-२ असते. म्हणजे पहिला जळून खाली येतोय त्याच अर्ध्या फेरीत चौथा खाली जाऊन हवा ओढतोय, तिसरा वर चढत मिश्रण दाबतोय आणि दुसरा वर चढत धूर बाहेर ढकलतोय. चौघांत कमावणारा एका वेळी एकच. बाकीच्या तिघांचं काम त्याच्या जोरावर आणि क्रँकवरच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, जोरावर चालतं.

आता दोन नंबरची ठिणगी काढून टाका. चार नंबर जळला, त्यानंतर दोनची पाळी आली आणि अर्धी फेरी कोरडी गेली, मग एक नंबर जळला. दोन फेऱ्यांत अर्धी फेरी विनाजोर गेली, इतकंच. तेवढी फ्लायव्हील ओढून नेते. शिवाय दोन नंबरमध्ये दाबली गेलेली हवा पिस्टन खाली येताना बरीचशी ताकद परत देते, त्यामुळे तो मेलेला सिलिंडर ब्रेकसारखा जाम बसत नाही. तरी घर्षण आणि हवा ओढण्याचं ओझं त्याचं उरतंच. म्हणून एक सिलिंडर गेला की ताकद पाव हिश्श्यापेक्षा थोडी जास्तच घटते.

फाटकावर थरथर आणि हायवेला नाही, याचा हिशेब तुम्ही वर्गात मुलांकडूनही करून घेऊ शकता. इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, साधारण ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) असतं. एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जळतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा. तुम्हाला सीटमध्ये जाणवतात ते हेच सहा-सात हुकलेले ठोके. २४०० आरपीएमला तेच सेकंदाला वीस होतात, आणि फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे आयडलच्या नऊपट असते. ते हिसके तिच्यातच जिरून जातात. पण जाणवत नाही म्हणून नुकसान थांबत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, नंबर कळतो तो क्रँकवरून. क्रँकच्या टोकाला दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची आखणी असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. समोरचा सेन्सर प्रत्येक दात किती वेळात गेला ते मोजतो. गाळलेल्या दातांच्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते कळतं. सिलिंडर जळला की क्रँक किंचित वेग घेते, नाही जळला की त्या अर्ध्या फेरीत किंचित मंदावते. ईसीयू ते पकडतो. मात्र दोन आणि तीन बरोबरच वर येतात, मग मंदावण्याच्या क्षणी पाळी कोणाची होती? ते एकट्या क्रँकवरून सांगता येत नाही. त्यासाठी कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दुसरा सेन्सर असतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, चार स्ट्रोकला एक फेरी. ही दोन फेऱ्यांतली पहिली की दुसरी, हे तो सांगतो. दोन्ही सेन्सर मिळून ०३०२ असा नेमका नंबर येतो. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर.

म्हणूनच मला तुमच्या मेस्त्रींचं "सगळंच बदलू" पटत नाही. यंत्राने कोणता सिलिंडर ते सांगितलंय. कशामुळे, ते आता आपण शोधायचं, आणि ते फुकटात शोधता येतं. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन थंड असताना, किल्ली काढून, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड पुसून गाडी चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब. ०३०२ च राहिला तर हाच प्रयोग प्लगची अदलाबदल करून करा. तरीही दोनच राहिला तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या की उत्तर हातचं गेलं.

कॉइलवर माझा संशय जास्त आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती वीस हजारांच्या वर व्होल्ट करते, तेही गरम हेडवर बसून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली काय तापमान होत असेल ते सांगायला नको.

आता ते नुकसान. दोन नंबरमध्ये पेट्रोल पडतंय पण जळत नाहीये. ते तसंच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जातं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप असलेली जाळी असते. कच्चं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि जाळी वितळण्याइतकी तापू शकते. ती बदलायचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट. दुसरं, न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन धुरातून जातो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. तुमचं ॲव्हरेज या आठवड्यात पडलं असेल, बघा. दिवा नुसता लागलेला असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जा. दिवा उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या, त्या गाडीने शाळेत जाऊ नका.

घाटातली टकटक वेगळी आहे. ती नॉकिंगची आहे, आणि मला सगळ्यांत आवडणारा धडा तोच.

ठिणगी पिस्टन वर पोचल्यावर पडते असं पुस्तकातल्या चित्रावरून वाटतं. प्रत्यक्षात ती आधी पडते. आयडलला साधारण दहा अंश आधी, वेगात आणि हलक्या ओझ्यावर तीस अंश किंवा जास्त. कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून निघून भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दाबाचं टोक पिस्टन माथा ओलांडून दहा-पंधरा अंश खाली सरकल्यावर यायला हवं. आखाजीला लिंबाला बांधलेला झोका आठवा. तो मागे येऊन थांबला आणि पुढे निघाला की हात लावायचा. तो अजून आपल्याकडे येत असताना ढकललं तर झोका वाढत नाही, मनगट दुखतं.

हा धक्का किती मोठा असतो ते बघा. ११९७ सीसीच्या एका प्रचलित इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३ मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टनचं डोकं जवळपास ४२ चौरस सेंटिमीटर. पूर्ण ओझ्यावर दाब ५० बार धरला तरी त्या डोक्यावर दोन टनांच्या वर जोर येतो. प्रत्येक पॉवर स्ट्रोकला.

आता तुमचा घाट. बाहेर ४२-४३ डिग्री. आत येणारी हवाच तापलेली. चौथा गिअर, म्हणून आरपीएम कमी आणि ॲक्सिलेटर खोल. सिलिंडर पूर्ण भरतो आणि मिश्रणाला दाबाखाली, उष्णतेत जास्त वेळ राहावं लागतं. ज्योत कोपऱ्यात पोचायच्या आधीच तिथलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते आणि टकटक ऐकू येते. इंजिनच्या ब्लॉकला यासाठीच नॉक सेन्सर बोल्टने कसलेला असतो. एवढ्या बोअरला त्या आवाजाची वारंवारता सहा ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास येते, सेन्सर तीच ऐकत बसतो. ऐकू आली की ईसीयू ठिणगी दोन-चार अंश उशिरा पाडतो. टकटक थांबते, पण ताकदही थोडी जाते. म्हणूनच घाटात गाडी "ओढत नाही" असं वाटतं.

तिसरा टाकल्यावर ती जाते, कारण आरपीएम वाढतो, तेवढ्याच ताकदीसाठी प्रत्येक स्ट्रोकला कमी मिश्रण लागतं आणि भडकायला वेळ उरत नाही. तुमचा हात आपोआप बरोबर गिअरवर गेलाय. फक्त टकटक ऐकू यायची वाट बघू नका. घाटाच्या पायथ्यालाच तिसरा घ्या, वळणांवर दुसरा. इंजिन ३००० ने फिरलं म्हणून ते झिजत नाही. १५०० वर पाय खोल दाबून ओढलं तर झिजतं.

नवापूरचा_पाटील

सर, खूप नीट सांगितलंत. आमच्याकडे उतरताना सगळे न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. मीही तेच करतो. चढणीचं कळलं, उतरणीचं पण सांगा. आणि आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे. त्याने या टकटकीत भर पडते का?

तापीकाठचे_सर

पाटील साहेब, न्यूट्रल कराल तर उलट पेट्रोल लागेल. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत निदान काही वाचत तरी होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असेल, ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढलेला असेल आणि आरपीएम साधारण पंधराशेच्या वर असेल तर ईसीयू चारही इंजेक्टर बंद करतो. एक थेंब पेट्रोल जात नाही. चाकं इंजिन फिरवतात, आणि बंद थ्रॉटलमागे, म्हणजे हवेच्या बंद झडपेमागे, हवा ओढायला पिस्टनला जी मेहनत पडते तीच गाडीला रोखते. आरपीएम आयडलजवळ आला की इंजेक्टर पुन्हा चालू होतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी पूर्ण उतारभर पेट्रोल पीत राहतं, आणि गाडीचं सगळं वजन ब्रेकवर. कन्नड घाटाच्या खालच्या वळणांवर जळक्या ब्रेकचा वास मी अनेकदा घेतलाय. कळकळीने सांगतो, हे बंद करा. ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा.

ई-२० ने टकटक वाढत नाही, कमी होते. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला विरोधाचा आकडा, शंभराच्या वर आहे, ते आपोआप भडकायला जास्त विरोध करतं, शिवाय वाफ होताना हवा थंड करतं. त्याची दुसरी बाजू ॲव्हरेजची. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. निव्वळ पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. हा फरक ऑक्सिजन सेन्सर ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. गाडी नीट चालते, फक्त जास्त पिते. २०२३ च्या आधीच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील मात्र सर्व्हिसिंगला नीट बघून घ्यावेत. इथेनॉल रबरावर काम करतं.

पारोळेकर

सर, भावाच्या गाडीला घाटात टेम्परेचरचा काटाही वर जातो. रेडिएटरला बोरचं पाणी घालतोय तो.

तापीकाठचे_सर

ते आधी थांबवायला सांगा. तापलेला सिलिंडर लवकर नॉक करतो, म्हणजे त्याची टकटक आणि काटा एकाच दुखण्याची दोन टोकं असतील. बोरच्या पाण्यातला क्षार हेडमधल्या बारीक वाटांत थर धरतो आणि थर्मोस्टॅट अडकवतो. त्याला गंजरोधक कूलंट लागतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचं निम्मं मिश्रण, आणि झाकणाने धरलेला दाब, या दोन्हींमुळे ते १२० डिग्रीच्या आसपासही उकळत नाही. साधं पाणी खराब झाकणासह शंभरलाच उकळतं. झाकणाचं रबर फाटलंय का ते बघा, पंखा वेळेवर लागतो का ते बघा, आणि गरम इंजिनवर झाकण उघडू नका, घाई कितीही असो.

धरणगावची_शिक्षिका

सर, मनापासून धन्यवाद. रविवारी भाचा आला होता, त्याच्याकडून दोन आणि तीनच्या कॉइल बदलून घेतल्या. त्याच्याच छोट्या स्कॅनरने कोड पुसला आणि पाळधीपर्यंत चक्कर मारली. परतताना दिवा लागला, कोड पी-०३०३. थरथर तशीच. म्हणजे कॉइलच ना? इंजेक्टरचा खर्च वाचला. ॲव्हरेजही तुम्ही म्हणालात तसंच पडलेलं आहे.

कॉइल काढताना एक दिसलं. दोन नंबरच्या खड्ड्यात काळपट तेल होतं, कॉइलच्या रबराला लागलेलं. बाकी तीन खड्डे कोरडे. हे पुसून चालेल का?

तापीकाठचे_सर

कॉइलच आहे ताई, यात शंका नाही. आणि कॉइल का गेली तेही तुम्हाला सापडलंय. ते इंजिन ऑइल आहे, वरच्या रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं. ऑइलने कॉइलचं रबर फुगतं, चिरतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने हेडला उडते. नुसतं पुसलंत तर नवी कॉइलही काही महिन्यांत जाईल.

म्हणून त्याच दिवशी कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांभोवतीचे सील बदलून घ्या. कॉइलच्या मानाने ते स्वस्त असतात. प्लग काढायच्या आधी खड्ड्यातलं ऑइल कापडाने टिपून घ्यायचं, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात. नवा प्लग आधी बोटांनी बसेपर्यंत फिरवायचा, मग टॉर्क पाना लावून गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच कसायचा. कॉइल एकच घ्या, मूळ दोन नंबरची, जी आता अदलाबदलीमुळे तीनवर बसलीय तिच्या जागी. बाकी तीन चांगल्या आहेत.